नोकरमाणसं एका बैठकीत

औषधांच्या दुकानात मी घशाच्या गोळ्या घेत होते आणि गल्ल्यावरच्या मोबाइलमधून मीच बोलले.

परत. हे वाक्य नीट आलं नाही. दुकानात मी तोंड उघडलंच नव्हतं. ज्या दिवशी काम असतं त्या दिवशी सकाळपासून मी आवाज वाया घालवत नाही, गोळ्यांची बरणीसुद्धा बोटाने दाखवते. बोलत होता तो दुकानदाराच्या बायकोचा मोबाइल. बरणीला टेकवून उभा केलेला. त्यात पोस्टरवालीचा, म्हणजे आमच्या नव्या कादंबरीच्या पोस्टरवर झळकणाऱ्या नटीचा, फोटो होता, गळ्यापर्यंत बंद झगा, कानात मोती, आणि त्या फोटोतून एक बाई म्हणत होती, "दार बंद होतं. बाहेरून बंद होतं. मी गाडीत बसून सगळं पाहत होते, आणि तुम्ही मला सूप वाढताय." मग व्हायोलिन. मग एका भारदस्त पुरुषाने सांगितलं की ही जगप्रसिद्ध कादंबरी आता ऐका, आणि बाईसाहेबांच्या भूमिकेत कोण, तर त्याने पोस्टरवालीचं नाव घेतलं. आवाज माझा होता. सारखा नव्हता, माझाच होता. माझ्या पुढच्या दातांत फट आहे, 'स' म्हणताना तिच्यातून किंचित हवा निसटते. 'बसून', 'सगळं', 'सूप', तिन्ही ठिकाणी ती निसटली. 'बाहेरून'च्या आधीचा श्वास तर मी गर्दीतही ओळखीन, तो मला आईकडून आला आहे. दुकानदाराची बायको गोळ्या पुडीत बांधत म्हणाली, "किती छान बोलते ना? मोठ्या घरचीच असणार. आवाजातच कळतं." मी मान हलवली. ती म्हणाली, "तुमचा घसा अगदीच बसलाय वाटतं. मध घ्या हो, या गोळ्यांनी काही होत नाही." आणि तिने ती जाहिरात पुन्हा लावली, कारण मधल्या गिऱ्हाइकामुळे तिचं शेवटचं वाक्य ऐकायचं राहिलं होतं.

मी नोकरमाणसं करते. आधी रेडिओवर केली, मग कॅसेटींवर, आता लोक भाजी चिरताना नि गाडी चालवताना ज्या कादंबऱ्या कानात घालतात त्यांच्यात करते. दार उघडणारी, दिवा आणणारी, पाहुणे आल्याचं सांगणारी, मालकिणीचं पत्र मालकाला नेऊन देणारी ती मी. आयुष्यभर 'जी बाईसाहेब' म्हटल्यामुळे सगळे मला जीबाई म्हणतात आणि मीही ओ देते. आमच्या कामात एक रीत आहे. मोठी माणसं समोरासमोर उभी राहून बोलतात, एकमेकांच्या डोळ्यांत बघतात, भांडण असलं तर खरंच घामाघूम होतात. नोकरमाणसं शेवटी, एका बैठकीत. पहिल्या प्रकरणातली दाई, पाचव्यातली स्वयंपाकीण, अकराव्यातली फाटकवाल्याची बायको, सगळ्या एका कागदावर उतरवून देतात आणि ओळीने उरकतात. समोर कोणी नसतं. मोठ्या माणसांचं वाक्य हेडफोनमध्ये वाजतं आणि मी त्याच्या शेपटाला 'जी' बांधते. शिजून झाल्यावर वरून मीठ भुरभुरावं तसं. मीठ जास्त झालं तर बोंब, नाही झालं तर कोणाच्या लक्षात नाही.

स्टुडिओकडे जाताना मला पोस्टरवालीचा राग येत नव्हता हे विचित्र होतं. मला राग येत होता त्या लेखकाचा, ज्याला मरून शंभर वर्षं होऊन गेली. तीन खंडांची कादंबरी. तो खरं तेच लिहायचा म्हणे, समाज जसाच्या तसा. मी ती सगळी वाचली आहे, जी या कामात कोणीच वाचत नाही, आपापली पानं वाचतात. गिरणीमालकाच्या दिवाणखान्यातल्या पडद्यांच्या जांभळ्या रंगावर त्याने दोन पानं घातली आहेत. काट्यांची मूठ कशी, चमच्यांवर कोणती अक्षरं, मालकाच्या घोड्याचं नाव काय, घोडा कोणाकडून घेतला, सगळं. मोलकरणीला नाव नाही. एवढ्या मोठ्या घरात रोज सकाळी बाईसाहेबांच्या पाठीचे बंद बांधणाऱ्या बाईला त्या खरं लिहिणाऱ्या माणसाने नाव दिलं नाही, कारण त्याला ते ठाऊकच नव्हतं, कारण त्याने स्वतःच्या घरातही कधी विचारलं नसेल. बाईसाहेबांवर मात्र त्याची माया आहे. गरीब वकिलाची मुलगी, गिरणीमालकाला दिलेली, जिला बारा वर्षं कोणी खरं उत्तर दिलेलं नाही. गिरणीच्या सूतकताईच्या शेडला आग लागून आतल्या पोरी जळतात तेव्हा ती योगायोगाने गाडीत बसून समोरच असते. दाराला बाहेरून अडसर घातलेला तिला दिसतो, पोरींनी कामाच्या वेळात बाहेर जाऊ नये म्हणून. आणि नवऱ्याने आगीनंतर मोठ्या लोकांना जेवायला बोलावलेलं असतं तेव्हा ती टेबलावर सांगून टाकते की दार बंद होतं. नवरा काय म्हणतो? हिला ताप आहे. दीड शतकापूर्वीचं हे वाक्य आहे आणि त्याला अजून धूळ लागलेली नाही.

परत. कच्च्या ट्रॅकचं आधी सांगायला हवं, नाहीतर माझा आवाज त्या मोबाइलमध्ये गेला कसा ते कळणार नाही.

महिन्यापूर्वी ते जेवणाचं प्रकरण पोस्टरवालीला जमेना. वाईट मुलगी नाही ती. वेळेवर येते, पाठ करून येते, सगळ्यांना नमस्कार करते. पण दार बंद होतं म्हणताना तिचा आवाज असा गोड व्हायचा की जणू दाराला लागलं का, असं विचारतेय. दिग्दर्शकाने सगळं करून पाहिलं. तिला उभं केलं, बसवलं, रडवलं. रडल्यावर तर ती आणखीच गोड झाली. मी बाहेर बाकावर माझ्या बैठकीच्या तारखेची विचारपूस करायला आले होते. ती काचेआडून म्हणाली, "मावशी, तुम्ही एकदा वाचून दाखवा ना. मला नुसता सूर कळला की पुरे." दिग्दर्शक म्हणाला, "चला जीबाई, आज बाईसाहेब व्हा." सगळे हसले, मीही हसले. रेकॉर्डिस्ट म्हणाला कच्चा ट्रॅक ठेवतो, ती घरी ऐकून सराव करेल, मग पुसून टाकू. आत गेले. कागद समोर धरला. आणि मला बाईसाहेबांचं काही सुचेना. झगा, मोती, जांभळे पडदे, काही नाही. मला आई दिसली, आईपेक्षाही तिच्या हातातली ती इस्त्री.

आई एका मोठ्या हॉटेलच्या तळघरात इस्त्री करायची. चादरी, उशांचे अभ्रे, पाहुण्यांचे कपडे. तिथे भिंतींना सतत घाम आलेला असायचा आणि ओल्या सुती कापडाचा तो वास, जो मला अजून कुठेही आला तरी भूक लागते, कारण मी कॉलेजातून तिथे जाऊन तिच्याबरोबर डबा खायचे. एक दिवस कोणा पाहुणीच्या रेशमी झग्याची बाही जळली. देखरेखीची बाई वरून खाली आली, झगा आईच्या तोंडासमोर धरला आणि सगळ्यांसमोर तिला बोलू लागली. आईने इस्त्री उभी केली. हात पुसले. आवाज चढवला नाही, उलट खाली आणला, इतका खाली की ऐकायला बाकीच्या बायकांना यंत्रं थांबवावी लागली. म्हणाली, "इस्त्रीचं बटण तुटलंय हे मी तुम्हाला सांगितलं होतं. तुम्ही म्हणालात, चालवून घे. मी चालवून घेतलं." मग एक श्वास घेतला. "आता तुम्ही चालवून घ्या." तिला त्याच दिवशी काढलं. डबा अर्धा राहिला होता, तो तिने रस्त्यात बाकावर बसून संपवला, मलाही संपवायला लावला. रागात अन्न टाकायची चैन आपल्याला नाही, म्हणाली. त्या श्वासाने मी बाईसाहेबांचं वाक्य वाचलं. वाचून झालं तेव्हा काचेपलीकडे रेकॉर्डिस्टने हेडफोन काढून मांडीवर ठेवले होते. पोस्टरवालीच्या डोळ्यांत पाणी होतं. दिग्दर्शक घसा खाकरून म्हणाला, "छान. हा सूर. आता हिला ऐकवू आणि हे पुसू." मी बाहेर आले, कोणीतरी मला चहा दिला, आणि मला वाटत होतं की मी काहीतरी चोरून खाल्लंय. तीस वर्षांत पहिल्यांदा मी पूर्ण वाक्यं बोलले होते. कर्ता, कर्म, क्रियापद, आणि कोणाचीही परवानगी न घेता पूर्णविराम.

आता हिशेब असा झाला. मोठ्या घरातल्या बाईचा राग हवा होता. तो मोठ्या घरात मिळाला नाही. तो तळघरातून आणला, वर नेऊन धुतला, इस्त्री केला आणि दुसरीच्या अंगात घातला. आणि लोक म्हणतात, आवाजातच कळतं.

स्टुडिओत रेकॉर्डिस्ट एकटाच होता. मला बघून त्याने काच पुसायला घेतली, जी स्वच्छ होती.

"ताई, चहा सांगू?"

"पुसलं होतंस ना ते?"

"कच्चा ट्रॅक पुसतातच, ताई. म्हणजे पुसायचाच असतो."

"मग?"

"सर म्हणाले, असू दे. लागला तर."

"लागला."

"आधी एक वाक्य लागलं. तिच्या वाक्यांत खपून गेलं. मग दुसरं. मग तिचीच वाक्यं खपेनात." त्याने फडकं घडी करून ठेवलं, उलगडलं, पुन्हा घडी केली. "अख्खं प्रकरण तुमचं आहे, ताई. खोटं कशाला बोलू. ती म्हणायची तेव्हा असं वाटायचं की दाराची माफी मागतेय."

मला हसू आलं, आणि हसू आलं म्हणून जास्त संताप आला. असा राग धरून ठेवायला दोन्ही हात लागतात, मध्येच कोणी विनोद केला की एक हात सुटतो. मी विचारलं, "तिला माहीत आहे?" तो म्हणाला, "तिला वाटतं तिचा तिसरा टेक लागला."

दिग्दर्शक आला तो कागद चाळतच. माझ्यापेक्षा लहान आहे, पण काही माणसं जन्मतःच दुसऱ्याच्या खांद्यावर हात ठेवायच्या उंचीची असतात. आमचं बोलणं त्याने दाराबाहेर ऐकलं असावं. म्हणाला, "जीबाई, रागावलात वाटतं. अहो, हा तुमचा मोठेपणा आहे."

"कोणाला दिसतो?"

"दिसायचं काय त्यात? टीममध्ये माझं-तुझं नसतं."

"मग पोस्टरवर माझा फोटो लावा. माझं-तुझं नाहीच आहे."

त्याने रेकॉर्डिस्टकडे बघितलं, जसं घरातल्या म्हाताऱ्याने काही म्हटलं की लोक एकमेकांकडे बघतात तसं. "हे बघा, ऐकणाऱ्याला आवाज कोणाचा याच्याशी काय देणंघेणं? त्याला बाईसाहेब हवी. आणि बाईसाहेब म्हणजे तो फोटो. उद्या तुमचं नाव घातलं तर लोक म्हणतील, ही तर 'जी' म्हणणारी. सगळा परिणाम जाईल."

"परिणाम माझाच आहे."

"तुमचा घसा बसलाय का आज? बरं वाटत नाहीये का?" त्याने खरंच काळजीने विचारलं. "ताप वगैरे?"

त्याने ते प्रकरण कितीदा ऐकलं असेल, कापलं, जोडलं, व्हायोलिन घातलं, आणि तरी त्याच्या तोंडून ते वाक्य इतकं सहज यावं. मी म्हटलं, "नाही. ठणठणीत आहे." तो म्हणाला, "मग बसा. संध्याकाळी सगळं पाठवायचंय, तुमची नोकरमाणसं तेवढी राहिलीत." आणि मी बसले. का बसले ते मला सांगता येतं, पण सांगितल्यावर ते कारण वाटत नाही. पायांना सवय आहे. आत जायचं दार, उंच स्टूल, माइकसमोरची जाळी, वर पेटणारा लाल दिवा; माझे पाय मला न विचारता तिथे जातात, आईचे हात झोपेतही चादरीची घडी घालायचे तसे.

दाई उरकली. स्वयंपाकीण उरकली. फाटकवाल्याच्या बायकोचा खोकलासुद्धा उरकला. "जी बाईसायब, म्या न्हाई बगितलं." ही भाषा कुठल्याच गावात बोलत नाहीत. ही फक्त माइकसमोर बोलतात. मी रेडिओवर पहिल्यांदा गेले तेव्हा नीट बोलले होते, तर तिथल्या मुख्य गृहस्थांनी मला थांबवून सांगितलं की मोलकरीण अशी बोलत नाही, आणि ती कशी बोलते ते त्यांनीच बोलून दाखवलं. मी ते शिकले. आईने तो कार्यक्रम शेजारच्यांकडे बसून ऐकला आणि घरी येऊन विचारलं, "ती कोण बोलत होती मध्येच?" मी म्हटलं, "मोलकरीण." ती म्हणाली, "कुठली?" तिने पुन्हा विचारलं नाही, पण त्यानंतर माझा कार्यक्रम असला की ती म्हणायची, आज डोकं दुखतंय.

आठव्या प्रकरणात एक वाक्य होतं. मोलकरीण बाईसाहेबांचे केस विंचरता विंचरता म्हणते की धाकट्या बहिणीला गिरणीत काम लागलं, सूतकताईत, बरं झालं, तिथे निदान ऊब असते. बाईसाहेब म्हणतात, हं. एवढंच. हेही मी त्या बिनगावच्या बोलीत म्हटलं आणि पुढे गेले. पुढे ते जेवण होतं.

हेडफोनमध्ये मी बोलले. "दार बंद होतं. बाहेरून बंद होतं." स्वतःचा आवाज समोरून येतो तेव्हा अंगावर कोणीतरी आपलेच कपडे घालून चालून येतंय असं वाटतं. मग गिरणीमालक हसून म्हणाला, "हिला ताप आहे." मग खुर्ची सरकल्याचा आवाज, आणि तो मोलकरणीकडे वळला. "काय गं, तू तर गिरणीच्या वस्तीतली. सांग पाहुण्यांना, दार उघडं असतं की नाही?" इथे माझं वाक्य. कागदावर होतं, मोलकरीण चार: "जी साहेब. उघडंच असतं."

मोलकरीण चार. मी कागद उलटा करून आठवं प्रकरण पाहिलं. तिथे ती मोलकरीण एक होती. कागद करणाऱ्याने प्रत्येक प्रकरणाला नवी मोलकरीण मोजली होती. पण घरात एकच आहे. केस विंचरणारी तीच, काटे उचलणारी तीच. तिची बहीण त्या शेडमध्ये आहे. होती. आणि लेखकाने पुढे लिहिलंय की पाहुण्यांत हलकं हसू पसरलं आणि मोलकरीण काटे गोळा करून निघून गेली, आणि त्यानंतर उरलेल्या अख्ख्या खंडात ती पुन्हा येत नाही. तो तिची बहीण विसरला. मीसुद्धा आठव्यापासून इथपर्यंत येताना तिला चहाच्या घोटाबरोबर गिळलं होतं. लाल दिवा पेटला होता. मी तोंड उघडलं आणि ते वाक्य बिनगावच्या बोलीत येईना. ते सरळ आलं, खालून आलं.

"थांबा," दिग्दर्शक कानात म्हणाला. "परत घेऊ. तुमचा आवाज बाईसाहेबांसारखा यायला लागलाय."

परत.

"अजून तसाच येतोय. खाली आणा."

"किती खाली?"

"तुम्हाला माहीत आहे, जीबाई. एकदम तळघरात."

परत. मी तळघरातून बोलले. तिथून जसं बोलतात तसंच बोलले. दिग्दर्शकाने काचेवर बोट वाजवलं. "अहो, दोघी एकच वाटताहेत. ती मोलकरीण आहे. इथे जरा गंमत हवी, आधीचं फार जड झालंय. लेखकानेच लिहिलंय, पाहुणे हसतात."

"पाहुणे हसतात. ती नाही हसत. तिची बहीण जळली त्या शेडमध्ये."

"कोणाची?"

"हिची. आठव्या प्रकरणात आहे."

त्याने रेकॉर्डिस्टला विचारलं, रेकॉर्डिस्टने खांदे उडवले. "असेल," दिग्दर्शक म्हणाला. "पण अकरा प्रकरणांनंतर कोणाला लक्षात राहतंय?"

"तिला."

तो उत्तर देणार तेवढ्यात पोस्टरवाली आली. नामावली वाचायला तिला बोलावलं होतं, कोणाचा आवाज कोणाला, तेवढं एक पान. तिने दारातूनच हात जोडले, आत येऊन माझा हात धरला. "मावशी, जाहिरात ऐकलीत? मला स्वतःचंच ऐकून काटा आला. वाटलं, मी अशी बोलले?" दिग्दर्शक घाईघाईने मध्ये पडला. "बरं झालं आलीस. एक काम कर, ती मोलकरणीची एक ओळ टाकून दे. जीबाईंचा घसा बसलाय." ती म्हणाली, "मी? मोलकरीण?" आणि हसली, मजा वाटून, लहान मुलीला मोठ्यांची चप्पल घालायला मिळाल्यासारखी. मी बाहेर आले. ती आत गेली, डोक्यावर पदर असल्यासारखा हात धरला, एक खांदा पाडला, आणि म्हणाली, "जी सायेब. उगडंच असतंय की वो." रेकॉर्डिस्ट फस्सकन हसला. दिग्दर्शक तर खुर्चीत मागे रेलला. हुबेहूब होतं. मोलकरणीचं नव्हे, माझं. तिने आयुष्यात कोणा मोलकरणीला दोन वाक्यं सलग बोलताना ऐकलं नसेल, तिला मोलकरीण म्हणजे मीच माहीत होते. माझी वाक्याच्या शेपटावरची उडी, माझा 'की वो', नाकातून सोडलेला माझा शेवट. माझ्या डोळ्यांसमोर माझं तीस वर्षांचं काम उभं होतं आणि ते एका खांद्याने वाकडं होतं, आणि लोक हसत होते, आणि शेजारच्यांच्या रेडिओसमोर बसलेली आई कपाळ दाबत होती.

ती बाहेर आल्यावर मी म्हटलं, "नाही बोललीस."

"काय, मावशी?"

"तू मघाशी विचारलंस ना, मी अशी बोलले का. नाही बोललीस. जेवणाचं अख्खं प्रकरण माझं आहे. कच्चा ट्रॅक. पुसला नाही."

दिग्दर्शक म्हणाला, "जीबाई, ही वेळ आहे का?" पोस्टरवालीने रेकॉर्डिस्टकडे पाहिलं. त्याने पडद्याकडे पाहिलं. तेवढं पुरे होतं. ती बाकावर बसली. तिने कानातल्या मोत्याशी चाळा केला. ते मोती खरे होते, ती ते रोजच घालायची. मग म्हणाली, "मला कळायला हवं होतं. मला असं रागावता येतच नाही. आमच्या घरात मुलीने रागवायचं म्हणजे खोलीत जाऊन दार लावायचं आणि बरी झालीस की बाहेर यायचं." तिने दिग्दर्शकाला विचारलं, "माझं नाव काढता येईल त्यावरून?" तो म्हणाला, "फोटो लागलेत. तुझी सही आहे. आणि काढून काय लिहू, जीबाई?" तो थट्टेने म्हणाला नव्हता. त्याला दुसरं नाव खरंच आठवत नव्हतं.

मला वाटलं ती काही बोलेल. ती उठली, नामावलीचं पान घेतलं, आत गेली आणि जसं लिहिलं होतं तसं वाचलं. बाईसाहेबांच्या भूमिकेत, मग तिचं नाव, स्पष्ट, गोड, चुका न करता. गिरणीमालक, त्याचे मित्र, डॉक्टर, पाद्री. आणि शेवटी, इतर भूमिकांमध्ये, नुसतं 'इतर'. त्यात मी. मी काचेबाहेरून ऐकत होते. तिचा राग नाही आला मला, म्हणजे आला, पण तो ज्या जागी यायला हवा होता तिथे आधीच गर्दी होती. खरं लिहिणारा तो लेखक, रेडिओवरचे ते गृहस्थ, झगा घेऊन खाली आलेली बाई, आणि हा, ज्याला माझा ताप मोजायचा होता. तिच्यासाठी उभं राहायलाही जागा नव्हती. ती बाहेर आली आणि पर्स उचलता उचलता रेकॉर्डिस्टला म्हणाली, "ती माझी मोलकरीण पुसा."

"अगं, झकास झालीय," दिग्दर्शक म्हणाला.

"पुसा." ती माझ्याकडे न बघता उभी राहिली. "आत्ता, माझ्यासमोर. मागे पुसलं होतं तसं नको." रेकॉर्डिस्टने पुसलं. तिने पडद्यावर बघून खात्री केली आणि मगच गेली. यात तिचं काही गेलं नाही, हे मला कळत होतं. तरी कोणीतरी काहीतरी खरोखर पुसलेलं मी त्या खोलीत पहिल्यांदाच पाहिलं.

आता त्यांच्याकडे मोलकरीण नव्हती. गिरणीमालकाचा प्रश्न होता, त्याच्यापुढे भोक होतं, आणि संध्याकाळ होत आली होती. दिग्दर्शकाने फोन काढला, दोन ठिकाणी लावला, दोन्हीकडच्या बायका दुसरीकडे कोणाच्या तरी नोकर होत्या. मी त्याला विचारलं नाही. आत गेले, स्टुलावर बसले, हेडफोन चढवले. काचेपलीकडे रेकॉर्डिस्टने त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि ट्रॅक लावला. मी बोलले, दार बंद होतं. गिरणीमालक बोलला, हिला ताप आहे. खुर्ची सरकली. सांग पाहुण्यांना, दार उघडं असतं की नाही? मी बाईसाहेबांकडे पाहिलं. ती कुठे होती? माझ्याच कानात होती. बारा वर्षं मी हिचे बंद बांधले, हिने माझ्या बहिणीला 'हं' म्हटलं, आणि आज ही माझ्या बहिणीसाठी बोलतेय, माझ्या आवाजात, आणि हा मला विचारतोय ते खरं का, आणि मी खरं म्हटलं तर उद्या माझं ताट कुठे? मला तिचा राग आला आणि माझा आला, आणि दोन्ही एकाच घशातून वर येत होते. मी श्वास घेतला.

"जी साहेब," मी म्हटलं. "उघडंच असतं."

एक शब्द बदलला नाही. पुस्तकात आहे तसंच. फक्त 'साहेब'मधून ती किंचित हवा निसटली, बाईसाहेबांच्या 'बसून'मधून निसटली होती तीच.

लाल दिवा चालूच होता. मग दिग्दर्शकाने बटण दाबलं, आणि पहिल्यांदाच तो खांद्यावर हात न ठेवता बोलला. "हे असं पाठवलं तर कोणालाही कळेल की दोघी एकच आहेत. लोक विचारतील."

"विचारू दे."

"मी काय सांगू?"

"ते तुमचं तुम्ही बघा."

त्याने केसांतून हात फिरवला. रेकॉर्डिस्टकडे पाहिलं. रेकॉर्डिस्टने टेक ठेवला. मी पाहिलं, त्याच्या बोटाने ठेवला. मी हेडफोन काढले नाहीत. कागद पुन्हा सरळ केला, सगळ्यात वरचं पान वर आणलं, जिथे दाई होती.

"आता बाकीच्या," मी म्हटलं. "दाई, स्वयंपाकीण, सगळ्या. मघाशी वाकड्या झाल्यात. पहिल्या प्रकरणापासून लावा."